गाठ कच्ची, तर तंगूस कशाला?

गळाने मासे धरणारी नवी पिढी काठी आणि रिळावर हजारो रुपये घालते. गाठ मात्र घाईत मारते. हा हिशेब उलटा आहे.

मरळ मासा पाणवनस्पतींच्या दाटीत दबा धरतो. तिथे विणलेली पॉलिथिलीनची दोरी उत्तम: बारीक, भक्कम, जवळपास न ताणणारी. पण ती पाण्यात उठून दिसते आणि खडकाला घासली की काचते. म्हणून टोकाला हातभर फ्लुरोकार्बनचा लीडर हवा. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३; त्यामुळे तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो. रोहू-कटल्याला मात्र मोकळ्या पाण्यात साधा नायलॉनचा तंगूस पुरतो. तो ताणतो आणि माशाचा झटका पचवतो.

खरी परीक्षा जोडाची. गुळगुळीत विणलेली दोरी साध्या निरगाठीतून निसटते. ‘डबल युनी’ नवशिक्याला लवकर जमते. ‘एफजी’ गाठ काठीच्या कड्यांतून सहज सरकते, पण सराव मागते. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करावी, कारण घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतो.

लीडर मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचा असावा, हा आग्रह तर प्रत्येकाने धरायला हवा. मग मासा तोडून गेला, तरी लांबलचक दोरी तळ्यात राहून पाणपक्ष्यांच्या पायांत अडकत नाही.