दंड मंडळाच्या खात्यात, औषधाचं बिल किला गेटच्या घरात

ग्वाल्हेर : किल्ल्याच्या पायथ्याशी किला गेटचा चौक. वर पर्यटक मानमंदिर पाहायला चढतात. खाली टेम्पो, ई-रिक्षा, हातगाड्या आणि जुनी दाट वस्ती. इथला दुकानदार सकाळी काउंटर फडक्यानं पुसतो आणि दुपारी परत पुसतो. काउंटरवरची धूळ फडक्यानं जाते, पण छातीत बसलेली धूळ तशी जात नाही. तिच्यासाठी दम्याचा पंप लागतो, आणि पंपाचे पैसे ज्याची छाती त्यालाच भरावे लागतात.

ते पैसे खरं तर कुणी भरायचे, हा प्रश्न साधा वाटतो. ‘ज्यानं घाण केली त्यानं भरावं’ हे तत्त्व आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९६ सालीच राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात लावलं. त्याआधी १९८६ मध्ये, भोपाळची जखम ताजी असताना, एम. सी. मेहता खटल्यात कोर्ट त्याहून पुढे गेलं होतं. धोकादायक उद्योगातून कुणाला इजा झाली तर उद्योगाची चूक सिद्ध करायची गरज नाही, भरपाई द्यावीच लागेल, असं ते म्हणालं. म्हणजे कायद्याचं तत्त्व तयार आहे. तरीही किला गेटच्या रुग्णापर्यंत त्यातला रुपया पोचत नाही. तो कुठे अडतो, हे पाहायला हवं.

धूळ नेमकी कुणाची?

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शहरांच्या हवेची यादी काढली. पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक कणांच्या बाबतीत इराणमधल्या झाबोलनंतर दुसरं नाव ग्वाल्हेरचं होतं. वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. भारतातली मर्यादा ४० आहे. नंतर २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ग्वाल्हेरचा समावेश झाला. देशभर या कार्यक्रमातला मोठा खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला आहे.

किला गेटपासून पुढे हजीरा, त्यापुढे बिरलानगर. तिथली जियाजीराव कॉटन मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. आज उद्योग शहराच्या कडेला आहेत : मुरैना जिल्ह्यात बानमोर, भिंड जिल्ह्यात मालनपूर, डबऱ्याच्या वाटेवर बिलौआचे गिट्टी क्रशर, घाटीगावकडे दगडाच्या खाणी. मोठे कण जवळच खाली बसतात, बारीक कण वाऱ्यासोबत लांब जातात. पण किला गेटच्या हवेत रस्त्याची माती आहे, डिझेलचा धूर आहे, जळणारा कचरा आहे, बांधकामाची धूळ आहे. रुग्णानं विडी ओढलेली असू शकते, घरात चूल असू शकते.

उद्योगाचा वकील नेमकं इथेच बोट ठेवतो : ‘हा दमा आमच्याच धुळीचा, हे सिद्ध करा.’ प्रश्न गैर नाही. सगळं खापर कारखान्यावर फोडणं अन्यायाचंच ठरेल. पण उत्तर देण्याचं ओझं ज्याच्या खांद्यावर पडतं, त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, वकील नाही आणि धड दमही नाही.

कामगार दिसतो, शेजारी दिसत नाही

आजारी पडलेला माणूस कारखान्यात कामाला असेल तर कायदा त्याला ओळखतो, निदान कागदावर तरी. कर्मचारी भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. दगडाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस त्यात आहे. कापसाच्या तंतूंनी होणारा फुप्फुसाचा आजारही त्यात आहे, जो कापड गिरणीच्या कामगारांना होत असे. ठरलेल्या कामावर ठरलेला काळ नोकरी केली असेल, तर आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते.

तरीही ही वाट किती लांब आहे, ते मध्य प्रदेशच्याच मजुरांनी दाखवून दिलं. अलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला दगड दळायच्या कारखान्यांत कामाला गेले. परत आले ते सिलिकोसिस घेऊन. कारखाना एका राज्यात, रुग्ण दुसऱ्या राज्यात. हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही, आणि दवाखान्यात सिलिकोसिसला अनेकदा टीबीच समजलं जातं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१० मध्ये भरपाईची शिफारस केली. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. इथे एक गोष्ट नजरेआड होते. हे पैसे सरकारनं, म्हणजे जनतेच्या तिजोरीतून द्यायचे होते. दगड दळून नफा कमावणाऱ्याच्या ताळेबंदात तो खर्च कधी दिसलाच नाही.

ही झाली कामगाराची गोष्ट. क्रशरशेजारच्या घरातली म्हातारी, शाळेत जाणारा मुलगा, चौकात दिवसभर बसणारा फळवाला यांच्यासाठी असं परिशिष्टच नाही. हवा तीच, पण तो आजार धुळीमुळे झाला असं त्यांच्या बाबतीत कुणी धरून चालत नाही.

दंडाच्या सूत्रात रुग्ण नाही

प्रदूषण करणाऱ्याकडून पैसे वसूलच होत नाहीत, असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ‘पर्यावरण भरपाई’चं सूत्र ठरवलं आहे. पाच आकड्यांचा गुणाकार : उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक, नियम मोडल्याचे दिवस, एक ठरलेली रक्कम, उद्योगाचा आकार आणि जागेची लोकसंख्या.

उदाहरण घेऊ. नारिंगी वर्गातल्या लघु उद्योगानं ग्वाल्हेरसारख्या दहा लाखांवर वस्तीच्या शहरात १०० दिवस नियम मोडला. निर्देशांक ५०, दिवस १००, रक्कम २५० रुपये, आकाराचा गुणक ०.५, जागेचा १.२५. गुणाकार येतो ७ लाख ८१ हजार २५० रुपये, म्हणजे दिवसाला ७,८१२ रुपये. या हिशेबात कारखाना आहे, दिवस आहेत, शहरही आहे. किती माणसं आजारी पडली आणि त्यांचा औषधपाण्याचा खर्च किती झाला, याला मात्र रकाना नाही. दहा जण दवाखान्यात गेले काय आणि हजार गेले काय, बेरीज तीच.

वसूल झालेली रक्कम मंडळाच्या वेगळ्या खात्यात जाते. तिचा उपयोग हवा मोजायची यंत्रं, प्रयोगशाळा, अभ्यास, बिघडलेल्या जागेची दुरुस्ती अशा कामांसाठी होतो. ही कामं गरजेची आहेत, पण रुग्णाचं बिल त्यात बसत नाही. नावात ‘भरपाई’ असली तरी ज्याचं नुकसान झालं त्याला काहीच भरून मिळत नाही.

माहुलमध्ये मोजणी झाली

मुंबईच्या चेंबूरजवळचं माहुल अनेक वाचकांना माहीत असेल. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांना लागून वस्ती. तिथे एक वेगळी गोष्ट घडली : केईएम रुग्णालयानं २०१३ मध्ये लोकांची पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं. सरकारी रुग्णालयाचा हा कागद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. हवेनं लोकांच्या तब्येतीला धोका आहे, असं लवादानं २०१५ मध्ये मान्य केलं. पुढे २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठरवली.

पण ही रक्कमही परिसर सुधारण्याच्या आराखड्यासाठी होती. ज्यांच्या धापेमुळे खटला उभा राहिला, त्यांच्या उपचारखर्चाचा हिशेब तिच्यात झाला नाही. एक धडा तरी मिळालाच. पालिकेच्या रुग्णालयानं माणसं मोजली, म्हणून लवादाला त्यांची दखल घ्यावी लागली.

जपाननं रुग्णाला पुरावा मागितला नाही

माणसं मोजून थांबायचं नाही, पुढे त्यांच्या हातात पैसे द्यायचे, हे एका देशानं करून दाखवलं आहे. जपानमधल्या योक्काइची शहरात पेट्रोकेमिकल कारखान्यांच्या धुरानं दम्याचे रुग्ण वाढले. नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा केला. प्रत्येक कंपनीचं म्हणणं तेच, ‘आमचाच धूर कशावरून?’ जुलै १९७२ मध्ये कोर्टानं निकाल दिला : या भागात आजाराचं प्रमाण धुराबरोबर वाढतं हे आकडेवारीवरून दिसतं, तेवढं पुरे, सहाही कंपन्या मिळून जबाबदार.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, तिथे कायदा झाला. काही भाग प्रदूषित म्हणून जाहीर झाले. तिथे ठरावीक काळ राहिलेल्या आणि दमा, जुनाट ब्राँकायटिस किंवा एम्फिसीमा असलेल्या रुग्णाला दाखला मिळायचा. दाखला मिळाला की उपचारखर्च आणि भरपाई. पैसा कारखान्यांकडून ते सोडत असलेल्या गंधकाच्या धुराच्या प्रमाणात वसूल व्हायचा. मोटारींचा वाटा म्हणून पाचवा हिस्सा वाहन करातून यायचा. रुग्णानं किती वर्षं कुठे राहिलो एवढंच दाखवायचं. कुणाचा धूर किती, हा हिशेब सरकार आणि कंपन्यांनी आपसात करायचा. हवा सुधारल्यावर १९८८ मध्ये नव्या रुग्णांना दाखले देणं बंद झालं. कारखाने बुडाले नाहीत, धूर मात्र कमी झाला, कारण जितका धूर जास्त तितकं बिल मोठं होतं.

आपल्या कायद्यातलं दार आणि घड्याळ

असं दार आपल्या कायद्यातही आहे. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, २०१० च्या दुसऱ्या परिशिष्टात भरपाईच्या बाबी दिल्या आहेत. त्यात आजारपण आहे, बुडालेली मजुरी आहे, उपचाराचा खर्चही आहे. कलम १७ प्रमाणे चूक सिद्ध करावी लागत नाही. नुकसान एका कारखान्याचं नसून अनेकांचं मिळून असेल, तर लवाद प्रत्येकाचा वाटा ठरवू शकतो. म्हणजे ‘आमचाच धूर कशावरून’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं आधीच दिलं आहे. मध्य प्रदेशसाठी लवादाचं खंडपीठ भोपाळला आहे. मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते माफ आहे.

अडचण आहे घड्याळाची आणि कागदाची. भरपाईचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांत करायचा असतो, फार तर वर ६० दिवस. पण धुळीचा आजार पाच वर्षं थांबत नाही, तो दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढतो. घड्याळ रोगाचं निदान झालं त्या दिवसापासून सुरू व्हायला हवं. तशी स्पष्ट दुरुस्ती झाली नाही, तर उद्योगाच्या हाती आयता बचाव राहतो.

दुसरीकडे शिक्षेची धार बोथट झाली आहे. २०२३ च्या जन विश्वास कायद्यानं पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगाची शिक्षा काढून १० हजार ते १५ लाखांचा दंड ठेवला. तुरुंगाची भीती फार कुणाला नव्हती हे खरं, पण आता ती कागदावरही फारशी उरली नाही. अशा वेळी दंडाचा पैसा रुग्णापर्यंत जाणं जास्तच गरजेचं ठरतं.

उद्योगांचीही एक बाजू आहे. मिल बंद पडली तेव्हा हजीरा-बिरलानगरच्या घराघरांतली चूल थंडावली होती, हे इथे कुणी विसरलेलं नाही. म्हणून ‘कारखाना बंद करा’ ही मागणी किला गेटला सहजी पटत नाही आणि पटूही नये. खर्च ज्याचा त्यानं भरावा एवढीच मागणी आहे. लहान क्रशरवाल्याला एकट्याला तो झेपणार नाही, पण सगळ्यांकडून धुळीच्या प्रमाणात थोडी थोडी वर्गणी घेतली तर झेपेल.

सुरुवात केसपेपरपासून

नवा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. मंडळानं वसूल केलेल्या भरपाईतला ठरावीक हिस्सा त्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात श्वासाच्या रुग्णांच्या तपासणीवर आणि औषधांवर खर्च करावा, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. आणि हजीऱ्याचं सिव्हिल हॉस्पिटल असो की लष्करातलं जयारोग्य, माहुलसारखी मोजणी इथेही व्हावी.

रुग्णांनीही कागद टाकून देऊ नयेत. निदानाची तारीख, एक्स-रे, श्वासाच्या चाचणीचा अहवाल, औषधांची बिलं आणि राहत्या पत्त्याचा जुना पुरावा एका पिशवीत ठेवावा. जवळच्या उद्योगाला मंडळानं दिलेल्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागता येते. धूळ दाबायला पाणी मारायचं की आडोसा उभारायचा, त्या अटी त्यातच लिहिलेल्या असतात. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी.

केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो. त्यात आणखी दोन प्रश्न घालायला कुठल्या कोर्टाचा आदेश लागत नाही : काय काम करता, आणि या पत्त्यावर किती वर्षं राहता?