माळ्यावरचा संसार

पितळी डबा उघडावा तर आत ॲल्युमिनियमचा डबा, त्याच्या आत औषधाची जुनी डबी आणि डबीत रबरबँडांचा गुंता, चलनातून गेलेले चार आण्यांचे नाणे आणि दोन किल्ल्या. किल्ल्या कोणत्या कुलपाच्या, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. तरी त्या टाकवत नाहीत. न जाणो, कुलूप सापडले तर! सत्तरीच्या आसपास पोचलेल्या जोडप्याच्या घराचा माळा काढला की असे काहीतरी हाती लागतेच. मग ते घर गिरगावच्या चाळीतले असो, इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यातले असो, नाहीतर सरकारी नोकरीपायी दिल्लीत जन्म गेलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे असो.

माळा काढण्याची वेळ सहसा हौसेने येत नाही. इमारत पुनर्विकासाला जाते, गुडघे जिना चढू देत नाहीत, मुलगा बंगळूरला बोलावून घेतो, किंवा दोघांपैकी एक जण निघून जातो आणि मागे राहिलेल्याला तीन खोल्या खायला उठतात. मग चाळीस-पन्नास वर्षांचा हिशेब पंधरा दिवसांत करावा लागतो. नव्या फ्लॅटला बहुधा माळाच नसतो. मुले रजा काढून येतात, कमरेला पदर-टॉवेल खोचून कामाला लागतात, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत दारात काळ्या पिशव्यांची रांग उभी राहते. "आई, हे काय ठेवायचंय आता? वर्षानुवर्षं हातसुद्धा लावला नाहीस तू." आई काही बोलत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवते. रात्री सगळे झोपल्यावर मात्र हळूच उठून त्यातली एक पिशवी सोडते आणि दोन वस्तू परत आत घेते.

तरुणांना हा हट्ट वाटतो. पण या पिढीने काय पाहिले, हेही आठवायला हवे. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेला लाल मिलो या लोकांनी खाल्ला आहे. दुधाला कार्ड, रॉकेलला रांग, टेलिफोन आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची नावनोंदणी. डालड्याचा रिकामा डबा ही तेव्हा वस्तू होती. त्यात तुळस लागायची किंवा तांदूळ राहायचे. जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणे. कॅलेंडरची पाने उलटी करून त्यांच्यावर दुधाचा हिशेब लिहिला जायचा. जे टाकले ते पुन्हा मिळेलच याची खात्री नव्हती, म्हणून काही टाकायचे नाही हा संसाराचा पहिला धडा होता. त्याला आजार म्हणू नये.

अर्थात, तो धडा आज तसाच चालवला तर माणसाला घरात वावरायला जागा उरत नाही, हेही तितकेच खरे. वाटेत रचलेल्या गाठोड्यांना अडखळून म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर किती महागात पडते, हे वेगळे सांगायला नको. प्रश्न आवरावे की नाही हा नाहीच. आवरायचे कुणी, आणि केव्हा, हा आहे.

स्वीडनमध्ये या कामाला एक शब्द आहे, 'डोस्टेडनिंग'. मरणापूर्वीची साफसफाई, असा त्याचा सरळ अर्थ. मार्गारेटा मॅग्नुसन या स्वीडिश चित्रकार बाईंनी त्यावर लिहिलेले छोटेसे पुस्तक २०१७ साली आले आणि जगभर वाचले गेले. आपल्याकडे हा शब्द ऐकताच कुणीही 'शुभ बोल नाऱ्या' म्हणेल. पण बाईंचे म्हणणे अशुभ नाही. आपला पसारा आपण हिंडते-फिरते असतानाच काढावा, तो मुलांच्या गळ्यात टाकू नये, आणि काम मोठ्या वस्तूंपासून सुरू करावे. फोटो आणि पत्रे अगदी शेवटी घ्यावीत, एवढेच त्या सांगतात. शेवटची सूचना तर सोन्यासारखी आहे. ज्या घरात पहिल्याच दिवशी अल्बम उघडला जातो, त्या घरात संध्याकाळपर्यंत दुसरे काही होत नाही.

आवरायचे कुणी, याचे उत्तर भांड्यांवरच कोरलेले असते. मराठी घरातल्या जुन्या भांड्यांवर नावे असतात. कुणी दिले, कोणत्या लग्नात, कोणत्या तारखेला. भांड्यांच्या दुकानातला माणूस ती अक्षरे ठिपक्या-ठिपक्यांनी कोरून द्यायचा. सूनबाईंना त्या ठिपक्यांत एक अनोळखी नाव दिसते. सासूबाईंना त्यात नवऱ्याच्या पहिल्या पगाराच्या वेळी पायलीभर गहू घेऊन आलेली चुलत आत्या दिसते, जिने स्वतःच्या घरात पितळ नसताना हे पातेले दिले. ही गोष्ट पातेल्यावर कोरलेली नाही. ती सांगणारे माणूस गेले की उरते फक्त अडीच किलो पितळ आणि त्याचा मोडीचा भाव. म्हणून वस्तूंची वाटणी ज्याच्या त्याच्या हयातीत, ज्याच्या त्याच्या हातूनच व्हायला हवी. देताना गोष्टही बरोबर देता येते.

गंमत अशी, की ज्या आज्यांनी तरुणपणी पितळ मोडीत घालून चकचकीत स्टेनलेस स्टील आणले, त्यांच्याच नाती आता पितळेची कढई दामदुप्पट किमतीला विकत आणतात. तेव्हा घंगाळ, परात, पाणी तापवायचा बंब, सूरई यांपैकी काहीही मोडीत देण्याआधी नातवंडांना एकदा विचारलेले बरे. 'नको' म्हणाली तर रागवायचे कारण नाही. दोन खोल्यांच्या घरात बंब ठेवणार कुठे? ज्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत स्वयंपाक करायचा असेल, त्यांना मात्र कल्हई हवीच. आंबट पदार्थ कल्हईशिवाय त्यात टाकू नयेत, आणि कल्हईवाला गल्लीत मिळत नसेल तर ती भांडी शोभेपुरतीच ठेवावीत.

इतरांनी अडगळ म्हणून टाकलेल्या वस्तूंतून केवढे उभे राहू शकते, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिसते. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने दिनकर केळकरांनी ते उभारले. अडकित्ते, समया, पानाचे डबे, दौती, वाड्यांचे कोरीव दरवाजे, सगळे लोकांच्या रोजच्या वापरातले. अर्थात आपल्या माळ्यावरचा प्रत्येक अडकित्ता संग्रहालयात जाणार नाही, हेही समजून असावे.

कपड्यांचे काम तुलनेने सोपे. बोहारीण आता पूर्वीसारखी दारावर येत नाही, पण धुतलेले, धडके कपडे गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्था आहेत. १९९९मध्ये दिल्लीत सुरू झालेली 'गूंज' त्यांतली एक. फाटके कपडे मात्र दान म्हणून देऊ नयेत. घेणाऱ्यालाही मान असतो. जुन्या भरजरी शालू-पैठण्यांच्या बाबतीत घाई नको. पूर्वीच्या अस्सल जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते. विकत घेणारा बहुतेक वेळा ते वस्त्र जाळून चांदी काढतो. हे ठाऊक असूनही विकायचे असेल तर जरूर विकावे, पण ठाऊक असावे. ठेवायचे असेल तर मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावे आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी, नाहीतर वस्त्र घडीवरच चिरते.

पुस्तकांपाशी पुरुषमंडळी अडतात. आपला संग्रह एखाद्या वाचनालयाला द्यावा, ही इच्छा चांगली, पण वाचनालयालाही जागेची अडचण असते आणि गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती त्यांच्याकडे असतातच. तेव्हा टेम्पो भरून नेण्याआधी यादी पाठवावी. सुटा दिवाळी अंक रद्दीतच जातो. एकाच मासिकाच्या अंकांचा सलग संच मात्र अभ्यासकांच्या उपयोगाचा असतो. आणि एक गोष्ट रद्दीत कधीही जाऊ नये: मोडी लिपीतले कागद. ते वाचता येत नाहीत म्हणून निरुपयोगी ठरत नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते असल्याच दप्तरांसाठी, आणि त्यांनी १९१०मध्ये स्थापनेत पुढाकार घेतलेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ असे कागद जपत आले आहे. घरच्या रुमालात पणजोबांच्या उधारीचा हिशेब निघेल, किंवा एखाद्या गावाचा जुना निवाडा. आधी जाणकाराला दाखवावे.

खरी जोखीम असते ती साध्या कागदांत. विजेची तीस वर्षांपूर्वीची बिले आणि मिक्सरचे गॅरंटी कार्ड जपून ठेवलेले सापडते. घराचा करारनामा, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, पेन्शनचा आदेश मात्र कुठे आहे ते एकाच माणसाला माहीत असते. तो माणूस बोलू शकतो तोवर ते विचारून घ्यावे. गादीखाली किंवा पोथीत जुनी शेअर सर्टिफिकिटे निघाली तर ती फेकू नयेत. एप्रिल २०१९पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता येत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. आणि लाभांश सलग सात वर्षे घेतला नसेल तर शेअर सरकारी निधीकडे वर्ग होतात. तिथूनही ते मालकाला किंवा वारसाला परत मागता येतात. बँकेत दहा वर्षे पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, ती शोधायला २०२३पासून 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ आहे. नातवंडे पाच मिनिटांत पाहून देतील.

तांदळाच्या डब्यात लपवलेल्या नोटा हा तर प्रत्येक घरातला विनोद. नोव्हेंबर २०१६मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा दहापेक्षा अधिक बाळगणे २०१७च्या कायद्याने दंडनीय आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. दोन हजारांच्या नोटा मे २०२३मध्ये मागे घेतल्या गेल्या. त्या रद्द ठरलेल्या नाहीत, पण बँकेच्या शाखेत नव्हे, तर रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच द्याव्या लागतात.

दागिन्यांविषयी घराघरांत कुजबुज असते, उघड बोलणे नसते. बाईचे स्त्रीधन तिचे स्वतःचे; ते कुणाला द्यायचे हे तिने ठरवायचे, नवऱ्याने किंवा मुलांनी नव्हे. पाटल्या लेकीला की सुनेला, या प्रश्नावरून सख्ख्या भावंडांत अबोला धरलेली घरे थोडी नाहीत, आणि त्यांतल्या कितीतरी आयांनी 'माझ्या मागे घ्या वाटून' एवढेच म्हटलेले असते. त्यापेक्षा सणावारी सगळ्यांना बोलावून, सगळ्यांच्या देखत हातात द्यावे. जे अंगावर राहू द्यायचे त्याचे इच्छापत्रात लिहावे. इच्छापत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. बँकेत नाव लावलेला नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी रक्कम स्वीकारणारा असतो, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

उरतात फोटो आणि पत्रे. कृष्णधवल फोटो शंभर वर्षे टिकतात. रंगीत मात्र फिकट होत जातात, आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये तर लवकर खराब होतात. फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहिणे हे म्हाताऱ्या माणसानेच करायचे काम आहे. मागच्या रांगेतला तो डावीकडून तिसरा कोण, हे पुढे कुणालाही सांगता येणार नाही. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचीही तीच गत. व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपनीने ते काम २०१६मध्ये बंद केले, आणि कॅसेटची फीत नुसती पडून पडूनही खराब होते. तेव्हा उतरवून घ्यायची तर लवकर.

पत्रे दुसऱ्याने वाचावीत की नाही, हे लिहिणाऱ्या-ठेवणाऱ्याने ठरवावे. मॅग्नुसनबाईंनी एक युक्ती सांगितली आहे. फक्त स्वतःला प्रिय असलेल्या वस्तू एका खोक्यात भराव्यात आणि वर लिहून ठेवावे, की हे न पाहता टाकून दिले तरी चालेल. आपल्या ट्रंकेतही असे एक पुडके असतेच. सुनेने किंवा मुलाने ते उघडण्याची उत्सुकता आवरावी.

आणि या सगळ्यात एक पथ्य मुलांसाठी. काय जावे हे मोठ्यांनी ठरवायचे, तसेच काय राहावे हेही. वीस वर्षांपूर्वी बंद पडलेला रेडिओ आजोबांना नव्या घरी न्यायचा असतो. तो लागत नाही, दुरुस्त होत नाही, त्यावर फक्त धूळ बसते. तो का हवा, हे त्यांना विचारत बसू नये. नव्या खोलीत त्याची जागा आधी ठरवावी आणि मग पलंग कुठे येतो ते पाहावे.