स्वस्त कांद्याचे बिल कोणाच्या नावे?

गरिबाच्या भाकरीबरोबरचा कांदा स्वस्त राहिला पाहिजे, असे जो म्हणतो त्याच्याशी आमचे भांडण नाही. त्या स्वस्ताईचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते, यावर मात्र आमचे भांडण आहे, आणि ते आम्हांला उघडपणे मांडावयाचे आहे. आपल्या धर्मग्रामांतील बहुसंख्य कुटुंबे एकतर दोन-चार एकरांची धनी आहेत किंवा दुसऱ्याच्या वावरात राबणारी आहेत. आणि हे बिल गेली कित्येक वर्षे निमूटपणे भरणाऱ्यांत त्यांचाही समावेश आहे.

२०२३ सालचा डिसेंबर महिना आठवून पाहावा. आगमनकाळ सुरू होता. ७ डिसेंबर रोजी केंद्राचा हुकूम निघाला की, साखर कारखान्यांनी उसाच्या रसापासून इथेनॉल काढू नये. ८ डिसेंबर रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. त्याच आठवड्यात पिवळ्या वाटाण्याची आयात करमुक्त झाली. ती सवलत पुढे वारंवार वाढवली गेली आणि हरभऱ्याच्या भावावर तिचे सावट राहिले. ऊस, कांदा, हरभरा! आपल्या जिल्ह्याच्या (२०२४ साली तो अहिल्यानगर झाला, जुन्या माणसांच्या जिभेवर अजून नगरच येते) शेतीतून ही तीन नावे वगळली, तर गोदावरी-प्रवरेच्या काठी उरते काय? एका आठवड्यात तिन्ही पिकांवर हात पडला, तोही हंगाम ऐन भरात असताना. ज्यांनी सरकारी व्याजसवलतीच्या भरवशावर कर्ज काढून आसवन्या उभारल्या, त्या कारखान्यांना आठवडाभराने अर्धीमुर्धी सूट मिळाली. कांद्याला तीही मिळाली नाही.

डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. ज्याच्यापाशी थांबण्याची सोय नाही, नेमके त्याच्याच समोरचे दार लावून घेतले गेले. महिना-दीड महिन्यात भाव निम्म्याहून खाली उतरले. घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या बाजारात गोण्या घेऊन गेलेल्या माणसाने हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता हाती पडलेली पट्टी वाचली, तेव्हा दिल्लीतील महागाईचा आकडा किती खाली आला याचे समाधान त्याला वाटले असेल, असे आम्हांला वाटत नाही.

ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच राहील, असे सांगितले होते. मार्च संपण्याआधीच ती बेमुदत करण्यात आली. एप्रिलच्या अखेरीस गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परदेशी जाण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रात ओरड झाली. त्यावर सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठविण्यास परवानगी असल्याचा खुलासा झाला. अखेर ४ मे रोजी बंदी उठली, ती टनामागे ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क या दोन धोंड्यांसह. आपल्या जिल्ह्यातील मतदान १३ मे रोजी होते. वाचकांनी या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून काय तो अर्थ काढावा. किमान भाव सप्टेंबर २०२४ मध्ये गेला, शुल्क १ एप्रिल २०२५ पासून संपले.

आता कोणी म्हणेल, संपले ना मग? आम्ही म्हणतो, संपले नाही. कारण हे पहिल्यांदा घडलेले नव्हते. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी ८५० डॉलरचा किमान भाव, मग सरसकट बंदी. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरात ८०० डॉलरचा किमान भाव, डिसेंबरात बंदी. यांतील २०२० ची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच महिन्यात संसदेने जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात दुरुस्ती करून कांदा, बटाटा, डाळी यांवरील साठ्याचे निर्बंध अपवादात्मक प्रसंगीच लागतील असे ठरविले, आणि शेतकरी आता मोकळा झाला अशी ग्वाही देशाला दिली. ज्या दिवशी ते अधिवेशन भरले, त्याच दिवशी निर्यातीला कुलूप लागले. पुढे ते तीन कृषी कायदे आंदोलनापुढे मागे घेतले गेले. कुलपाची किल्ली मात्र जिथे होती तिथेच राहिली.

या सर्व तारखांत एक सारखेपणा आहे. हस्तक्षेप येतो तो ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, म्हणजे चाळीतील उन्हाळ कांद्याला किंवा नव्या लाल कांद्याला दोन पैसे मिळू लागतात तेव्हा. भाव कोसळतात तेव्हा दिल्लीला अशी घाई होत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती सर्व खर्च वजा जाता २ रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढील तारखेचा. त्यानंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपयांचे अनुदान जाहीर केले खरे. पण ज्यांच्या सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नव्हती, त्यांना त्यासाठी हेलपाटे घालावे लागले. वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याने ती नोंद कोठून आणावी?

सत्ताधारी कोणत्याही पक्षाचे असोत, कांद्याला भितात. १९८० ची लोकसभा आणि १९९८ ची दिल्ली विधानसभा या दोन्ही निवडणुकांत कांद्याच्या भावाने सरकार घालविले, अशी राजकारण्यांची पक्की समजूत आहे. शहरातील गृहिणीचा राग मतपेटीत दिसतो. वावरातील बाईचा राग दिसत नाही, निदान २०२४ पर्यंत दिसत नव्हता. यास्तव जो दोष आम्ही दाखवीत आहोत, तो एका पक्षाचा नाही. बाहेरच्या देशांच्या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या ओईसीडी या संस्थेने २०१८ साली दिल्लीच्या एका संशोधन संस्थेबरोबर हिशेब मांडला होता. निर्यातबंदी आणि तत्सम निर्बंधांमुळे गेलेले आणि अनुदानांमुळे आलेले, अशी दोन्हींची बेरीज-वजाबाकी करता २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याच्या उत्पन्नाला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. खत स्वस्त मिळते, वीजबिल माफ होते, म्हणून शेतकऱ्याला फुकटा म्हणणाऱ्यांनी हा उणे आकडा पाठ करावा.

आपल्यांतीलच काहीजण विचारतील की, ज्यांना जमीनच नाही त्यांनी या भांडणात का पडावे? त्यांना तर कांदा स्वस्तच हवा. आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. परंतु कांदा हे हाताने करावयाचे पीक आहे. रोप उपटणे, लागवड, खुरपणी, काढणी, काटणी, निवड आणि गोणी भरणे, यांतील बहुतेक कामे बाया करतात, रोजाने किंवा एकरी उक्ती घेऊन. ज्या वर्षी कांदा मातीमोल होतो, त्याच्या पुढल्या वर्षी लागवड घटते, आणि मजुरीच्या दिवसांवर पहिली कुऱ्हाड याच बायांच्या घरात कोसळते. किलोमागे दहा रुपये वाचविणारे घर महिन्याला चार किलो कांदा खाते, वाचले चाळीस. बुडालेल्या एका रोजाची बरोबरीसुद्धा त्याने होत नाही.

गरिबाला खाऊ घालणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. ८१ कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत देण्याची योजना सरकारने २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवली. आम्ही तिचे स्वागत करतो. त्या धान्याची किंमत कोण देतो? सरकारी तिजोरी. गहू-तांदूळ हमीभावाने घेतला जातो आणि तोटा सर्व देश मिळून सोसतो. मग कांद्याच्या बाबतीतच तो तोटा नगर-नाशिकच्या शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? उसाचेही तेच. साखरेचा किमान विक्रीभाव फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला, आणि त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ तो तसूभर हलला नाही; त्याच काळात उसाचा कायदेशीर दर टनाला २,७५० वरून ३,५५० रुपयांवर गेला. हा दर वाढविला याचे श्रेय दिल्लीने घ्यायचे आणि तो कोठून द्यायचा, हे कारखान्याने नि सभासदाने पाहायचे. सहकाराचा पहिला साखर कारखाना ज्या प्रवरानगरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, त्या जिल्ह्याने याला न्याय म्हणावे काय?

शासकीय साठ्याची बाजू मांडताना काहीजण मिसरातील योसेफाचा दाखला देतात. सुकाळात कोठारे भरली, म्हणून दुष्काळात देश जगला. उत्तम! पण उत्पत्तीच्या पुस्तकातील ती कथा तेथेच संपत नाही. पुढे सत्तेचाळिसाव्या अध्यायात त्याच धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमीन दिली, आणि शेवटी ते फारोचे दास झाले. कोठारात साठलेले धान्य त्यांनीच पिकविलेले होते. हा अध्याय प्रवचनांत फारसा का येत नाही, हे आम्हांला न उलगडलेले कोडे आहे.

पोप तेविसावे योहान हे स्वतः शेतकरी कुटुंबातील. १९६१ सालच्या त्यांच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात शेतीवर मोठा विभाग आहे. शेतमाल ही सर्वांची मूळ गरज असल्याने त्याचा भाव सर्वांना परवडणारा असावा, हे त्यांना मान्य होते. पण ते कारण पुढे करून कष्टकऱ्यांच्या एका वर्गाला कायमचे हीन अवस्थेत ठेवता येणार नाही, असेही त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

आपल्याच जिल्ह्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचे काम उभे केले, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्यास गावांना शिकविले. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी स्थापिलेल्या संस्थेचे काम आजही चालू आहे. त्या श्रमाने कोरडवाहू गावांत दुसरे पीक आले, विहिरींना पाणी टिकले. पण बांध घालून पाणी अडते, भाव अडत नाही. पाणी आले म्हणून लावलेला कांदा दिल्लीच्या एका अधिसूचनेने रस्त्यावर ओतावा लागत असेल, तर धर्मसभेच्या सामाजिक कार्याला पाणलोटाच्या पुढचे पाऊल टाकावेच लागेल. १ जून २०१७ रोजी पुणतांब्याचे शेतकरी संपावर गेले. पुणतांबे आपल्या धर्मग्रामांपासून किती दूर आहे?

परदेशी ग्राहकाचेही पाहावे. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच हसत-हसत तक्रार केली होती की, आधी कळविले असते तर बरे झाले असते. आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितले आहे. परक्या देशाच्या पंतप्रधानाला पूर्वसूचनेचा हक्क वाटतो, आणि रोप टाकून बसलेल्या आपल्या शेतकऱ्याला तो नसावा?

आमची मागणी एवढीच आहे. रब्बी कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडते. कोणत्या भावाच्या वर गेल्यास निर्यातीवर निर्बंध येतील आणि कोणत्या भावाच्या खाली गेल्यास सरकार खरेदीला उतरेल, हे दोन्ही आकडे त्याआधी जाहीर व्हावेत आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नयेत. त्यांचा भंग करून बंदी घातलीच, तर पडलेल्या भावाचा फरक तिजोरीतून भरून द्यावा. तो देताना सातबारा नसलेल्या वाटेकऱ्याला वगळू नये. २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरते. आपल्या कुटुंबांतील बाया-पुरुषांनी त्या सभेस जावे, हा ठराव लेखी मांडावा, त्याची नोंद इतिवृत्तात झाल्याची खात्री करून घ्यावी आणि ठरावाची प्रत तहसीलदारांकडे व खासदारांकडे रवाना करावी.