दस्तरखान : पत्ताकोबीच्या फोडी आणि घरच्या दह्याचे घट्ट ड्रेसिंग



गेल्या महिन्यात माझी भाची पुण्याहून सुट्टीत आमच्याकडे नांदुऱ्याला आली होती. तिथे नोकरी करते, मैत्रिणींबरोबर कधीतरी हॉटेलात जाते. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "मामी, तिथे एक सलाड मिळतं. कोबीसारख्या गड्ड्याची मोठी फोड अख्खी ताटलीत ठेवतात आणि वरून पांढरंशुभ्र घट्ट काहीतरी ओततात. दिसायला फार सुंदर. पण त्यावर डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे असतात, म्हणून मी कधी खाल्लं नाही. आपण घरी करायचं का?"

मी हसले. आपल्याकडे सलाड म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. दावतीत बिर्याणीच्या ताटाच्या कडेला कांद्याच्या चार चकत्या, लिंबाची फोड आणि एखादी हिरवी मिरची. ती ताटाबरोबर येते आणि बहुतेक वेळा ताटाबरोबरच परत जाते. नाहीतर मग कचूमर, पण तेही जेवण सुरू झाल्यावर कुणाला तरी आठवते. पण भाचीने विचारले तेव्हा माझे लक्ष समोर बसलेल्या अम्मांकडे गेले. त्यांच्या ताटातली भाकरी अर्धीच संपली होती.

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे माहेर संग्रामपूर तालुक्यातले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि आपला बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारट. संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या मूत्रपिंडाच्या दुखण्यांविषयी आपण सगळ्याच वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. अम्मांचे बालपण त्याच पाण्यावर गेले. सहा महिन्यांपूर्वी त्यांचा रक्तदाब वाढला. तपासणीत मूत्रपिंडावरही थोडा ताण दिसला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, मीठ कमी करा. लोणचे, पापड, खारवलेले सगळे बंद.

मीठ कमी झाले तशी अम्मांची भूकही गेली. सालन पुढे आले की दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. "मिठाशिवाय सारखंच लागतं सगळं," म्हणायच्या. तीन महिन्यांत त्यांचे वजन चार किलो उतरले. घरात मीठ नसलेला आणि मीठ असलेला असे दोन स्वयंपाक करून मीही थकले होते. म्हणून भाचीचे सलाड मी मनावर घेतले ते हौसेने नव्हे, अम्मांसाठी.

हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. तिथे आइसबर्ग लेट्यूस नावाची पानभाजी मिळते. तिचा गड्डा कोबीसारखाच घट्ट, पण पाने पातळ, पाणीदार आणि कुरकुरीत. पूर्वी कॅलिफोर्नियातून हे गड्डे बर्फात दाबून रेल्वेने दूरदूरच्या शहरांत जायचे. एका गड्ड्याच्या चार फोडी करायच्या, त्यावर निळ्या बुरशीच्या चीजचे दाट ड्रेसिंग ओतायचे, वर टोमॅटो आणि ते तळलेले तुकडे टाकायचे, की झाले त्यांचे सलाड. फोड चिरायची नाही. खाणाऱ्याने ताटलीतच काट्या-सुरीने कापून खायची.

आइसबर्ग आपल्या आठवडी बाजारात मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. हिवाळ्यात आपल्याकडे पत्ताकोबी भरपूर येते. शिवाय १०० ग्रॅम आइसबर्गमध्ये क जीवनसत्त्व जेमतेम ३ मिलिग्रॅम असते, तेवढ्याच कच्च्या पत्ताकोबीत सुमारे ३५ मिलिग्रॅम. पत्ताकोबी फक्त चावायला कठीण. त्यावरचा उपाय पुढे सांगते.

आता ड्रेसिंगचे. पहिल्या दिवशी भाचीने दुकानातून तयार बाटली आणली. मी चष्मा लावून मागचे बारीक अक्षर वाचले. त्यावर मीठ असे लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. समजा १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, तोही सगळ्या जेवणांत मिळून. मी बाटली अम्मांच्या ताटापासून दूर ठेवली.

दुसरी गोष्ट मेयोनीजची. पुष्कळ ठिकाणी ते कच्च्या अंड्याचे करतात. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते उष्णतेने मरतात, पण मेयोनीज शिजवले जात नाही. म्हणूनच तेलंगणने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एकेका वर्षाची बंदी घातली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका घरात आणूच नये. घरचे दही आहे ना!

साहित्य (चार जणांसाठी)

पत्ताकोबीचा लहान, घट्ट गड्डा एक, साधारण ६०० ग्रॅम. घट्ट लागलेले ताजे दही अर्धा किलो. दुधावरची साय दोन मोठे चमचे. लसणाच्या पाकळ्या दोन. एका लिंबाचा रस. मोहरीची पूड पाव छोटा चमचा. ताजी कुटलेली काळी मिरी अर्धा छोटा चमचा. साखर चिमूटभर. मीठ पाव छोटा चमचा. बारीक चिरलेला सांबार मूठभर. घरचे पनीर ५० ग्रॅम. लहान टमाटर दोन. बिनहाडाची कोंबडी १०० ग्रॅम, उकडून रेषा सुट्या केलेली. तेल एक छोटा चमचा.

कृती

दही स्वच्छ मलमलच्या कापडात बांधून तीन तास टांगा. उन्हाळा असेल तर चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये टांगल्यासारखे निथळू द्या, नाहीतर आंबट होते. साधारण २०० ते २५० ग्रॅम चक्का मिळेल. खाली निथळलेले पाणी फेकू नका, त्यात पोळ्यांची कणीक मळा. त्यातले दोन चमचे मात्र बाजूला ठेवा.

लसूण आणि मीठ खलबत्त्यात एकत्र कुटून अगदी मऊ करा. लसणाचा तुकडा राहिला तर तोच दाताखाली येतो आणि बाकीची चव मारतो. चक्का व साय रवीने किंवा चमच्याने घोटा, त्यात लसूण, लिंबाचा रस, मोहरीची पूड, मिरी आणि साखर घाला. फार घट्ट वाटले तर बाजूला ठेवलेले पाणी चमचाचमचा घाला. चमच्यावरून हळू ओघळेल इतपत दाट हवे. शेवटी पनीर हाताने कुस्करून आणि अर्धा सांबार मिसळा. पनीराने निळ्या चीजची चव येत नाही, पण दाताखाली मऊ कण येतात, ते छान लागतात. अर्धा तास झाकून ठेवले की लसूण-मोहरी मुरते.

गड्ड्याची वरची दोन पाने काढा. देठ कापू नका, फक्त त्याचे काळे टोक तासा. आता देठातूनच उभे चार भाग करा. देठामुळे पाने एकमेकांना धरून राहतात. फोडी सिरका घातलेल्या पाण्यात दहा मिनिटे बुडवा आणि वाहत्या पाण्याखाली पाने जरा फाकवून धुवा, अळी-माती निघून जाते. मग उकळत्या पाण्यात एक मिनिट, आणि लगेच गार पाण्यात. यामुळे कोबीचा कच्चा वास जातो, म्हाताऱ्या माणसांना चावायला जमते आणि कुरकुरीतपणाही राहतो. दोन-तीन मिनिटे झाली तर मात्र लगदा होईल. कापलेली बाजू खाली करून चाळणीत वीस मिनिटे निथळा, फडक्याने टिपा, मग फ्रिजमध्ये अर्धा तास. फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा.

तव्यावर तेल घालून कोंबडीच्या रेषा मंद आचेवर तपकिरी, कडक होईपर्यंत परता, वर मिरी भुरभुरा. मीठ नको. भाचीला जे खाता येत नव्हते त्याच्या जागी हे.

वाढताना एकेका ताटलीत एक फोड, वरून दोन मोठे चमचे ड्रेसिंग, टमाटराचे तुकडे, कडक कोंबडी, उरलेला सांबार. ड्रेसिंग वाढतानाच घाला. आधी घातले तर कोबीला पाणी सुटते.

थोडे सांभाळण्याचे

ड्रेसिंग पातळ झाले तर समजा की फोडी ओल्या होत्या किंवा दही पूर्ण निथळले नव्हते. कडवट लागले तर मोहरी जास्त झाली, अजून एक चमचा साय घाला. उरलेले झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहते, त्यापुढे नको.

हिशेब केला तर एका ताटलीला वरचे मीठ साधारण पाव ग्रॅमच्या आसपास येते. लिंबाचा आंबटपणा, लसूण, मोहरी आणि मिरी मिळून जिभेला मिठाची आठवण फार होऊ देत नाहीत. काळे मीठ किंवा सैंधव "चालते" असे कुणी सांगितले तर ऐकू नका, तेही मीठच आहे. आणि बाजारातले कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाला विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम असते आणि ते अशा रुग्णाला घातक ठरू शकते. दही, पनीर, टमाटर किती चालेल हेही प्रत्येकाचे वेगळे असते. आम्ही अम्मांच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी ड्रेसिंग दोन चमचे, टमाटर नको, कोबी खुशाल, असे सांगितले.

त्या रात्री अम्मांनी ताटलीकडे पाहून विचारले, "हे कापायचं राहिलं का?" भाचीने सुरी हातात दिली. अम्मांनी ती बाजूला ठेवली, फोडीची पाने हाताने एकेक सुटी केली, ड्रेसिंगमध्ये बुडवून भाकरीबरोबर खाऊ लागल्या. पूर्ण फोड संपली, भाकरीही संपली. मग मला म्हणाल्या, "लसूण थोडा जास्त चालला असता." सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी जेवणात काही मागितले होते. आता आठवड्यातून दोनदा हे सलाड होते आणि घरात स्वयंपाक पुन्हा एकच होतो. मीठ सगळ्यांचेच कमी केले, ज्याला हवे तो वरून घेतो.

तुमच्या घरी कुणाचे मीठ बंद असेल आणि त्यांना रुचेल असे काही तुम्ही करत असाल, तर जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात याच चक्क्याचे, तळण न करता होणारे कबाब पाहू.

खुदा हाफिज.