मेढामार्गे महाबळेश्वर: रस्ता मोकळा आहे, पण वर जागा आहे का?

जोडून सुट्ट्या आल्या की पाचगणी ते महाबळेश्वर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. अंतर जेमतेम १९-२० किलोमीटर, पण वेळ किती लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. मग मोबाइलवर रील फिरू लागतात: 'वाईची गर्दी टाळा, साताऱ्यातून मेढामार्गे जा, धरणाकाठचा रस्ता बघा.' सांगली, कराड, इस्लामपूरकडून येणाऱ्यांना हा सल्ला सोयीचाही आहे. पण यामुळे महाबळेश्वरची कोंडी सुटेल का? आमचं मत: नाही. कोंडी फक्त वाटून घेतली जाईल. कशी, ते समजून घेऊया.

हा रस्ता नेमका कोणता?

साताऱ्याहून निघालं की काही वेळात कण्हेर धरणाचा जलाशय दिसू लागतो. पुढे जावळी तालुक्याचं गाव मेढा, मग केळघर आणि घाट चढून महाबळेश्वर. एकूण अंतर साधारण ५५ किलोमीटर. पावसाळा संपता संपता इथलं पाणी आणि भातखाचरं पाहिली की रील करणाऱ्यांना दोष देता येत नाही.

हा प्रवास वेण्णा नदीच्या खोऱ्यातून उलट्या दिशेने होतो. वेण्णा महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, लिंगमळ्याला धबधब्याच्या रूपाने कोसळते, कण्हेरला अडवली जाते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. तीच कृष्णा पुढे सांगलीला जाते.

मग अडचण कुठे?

कुठल्याही रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद टप्प्यावर ठरते. महाबळेश्वरच्या बाबतीत हा टप्पा घाटात नाही, तो वर आहे: बाजारपेठ, वेण्णा लेकचा काठ, पॉइंटकडे जाणारे जंगलातले रस्ते आणि पार्किंग. वाईचा पसरणी घाट, पोलादपूरकडचा आंबेनळी घाट आणि मेढ्याकडचा केळघर घाट या तिन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्या शेवटी याच ठिकाणी जातात. एक नळ छोटा पडतो म्हणून दुसरा मोठा केला, तरी बादली तेवढीच राहते.

२०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर शहराची लोकसंख्या १३ हजारांच्या घरात होती. सुट्टीच्या दिवशी या गावात पाहुणे घरच्यांपेक्षा जास्त होतात. रांगेत अडकणाऱ्या गाड्यांत रुग्णवाहिका असते, शाळेची बस असते आणि स्ट्रॉबेरी घेऊन निघालेला टेम्पोही असतो.

रस्ते रुंद करा, ही मागणी लगेच येते. पण केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवला आहे. तिथे डोंगर कापणं, झाडं तोडणं आणि बांधकाम यांवर निर्बंध आहेत. ते उगाच नाहीत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झेलणाऱ्या डोंगराची कड कापली की दरड कुणाची वाट पाहत नाही.

सांगलीकरांनी काळजी का करायची?

कारण आपण ज्या पाण्यासमोर सेल्फी काढतो, ते खाली आपल्याच शेतात येतं. वेण्णेचं पाणी माहुलीला कृष्णेत येतं, कोयनेचं कराडच्या प्रीतिसंगमावर. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना याच कृष्णेवर उभ्या आहेत. वर जंगल राहिलं तर पाऊस मुरतो. जंगलाच्या जागी काँक्रीट आलं तर पाणी मातीसकट धावत खाली येतं. महापुराचा अर्थ सांगलीने २००५ आणि २०१९ मध्ये पाहिलेला आहे. पुराला कारणं अनेक असतात, पण डोंगरमाथा शाबूत ठेवणं आपल्या हातात आहे.

आता सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाचा प्रारूप आराखडा आला आहे. कोयनेच्या काठावरच्या गावांना रस्ते, दवाखाने, रोजगार मिळायलाच हवेत. धरणासाठी घरंदारं सोडलेल्या या भागाचं ते देणंच आहे. पण जुन्या महाबळेश्वरचं गणित न सोडवता नवं उभारलं, तर तीच रांग पुढच्या डोंगरावर लागेल.

उपाय शेजारीच आहे

कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या संख्येवर मर्यादा आहे, व्यवस्थेत आसपासच्या गावांचा सहभाग आहे. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून ऊटी आणि कोडाईकनालला जायला ई-पास लागतो. पुढे २०२५ मध्ये ऊटीसाठी इतर दिवशी ६ हजार आणि शनिवार-रविवारी ८ हजार वाहनांची मर्यादा आली. स्थानिकांच्या गाड्या आणि सार्वजनिक बस त्यातून वगळल्या.

महाबळेश्वरच्या वेशीवर पर्यटकांकडून कर घेणारी नाकी आधीपासून आहेत. तिथे पावतीऐवजी आधीच काढलेला पास तपासायचा, एवढाच फरक. जोडीला वाई आणि मेढ्याला मोठं वाहनतळ आणि तिथून वर एसटीच्या सलग फेऱ्या. असं झालं तर मेढ्याच्या खाणावळीला आणि वाटेवरच्या दुकानदारालाही चार पैसे मिळतील. आज त्यांच्या वाट्याला बहुतेक धूळ आणि हॉर्न येतात.

धंदा बुडेल का?

हॉटेलवाले, घोडेवाले, टॅक्सीवाले यांची ही भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. पण रांगेत तीन तास घालवलेला पर्यटक खरेदीला उतरत नाही, तो परतीचा रस्ता शोधतो. शनिवारी खोली मिळत नाही आणि मंगळवारी खोल्या रिकाम्या, हे आजचं चित्र आहे. मर्यादा आली तर काही गर्दी आठवड्यात पसरेल. सुरुवात वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या मोजक्या सुट्ट्यांपासून करावी आणि आकडा ठरवताना स्थानिकांना सोबत घ्यावं.

तोवर मेढामार्गे जरूर जा. शक्य असेल तर मधल्या वारी जा, कण्हेरच्या काठावर थांबलात तर कचरा गाडीतच ठेवा, पावसाळ्यात निघण्याआधी केळघर घाट सुरू आहे का ते विचारा. आणि महाबळेश्वरला ई-पासचा विषय निघाला, तर आणखी एक कटकट म्हणून तो उडवून लावू नका.