गाठीचा कागद आणि लेकीची सोयरीक

आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतील एका ताईंच्या स्तनातील गाठ मुंबईला टाटा रुग्णालयात काढली. त्या घरी आल्या, पुन्हा शिलाई मशीनवर बसू लागल्या, आणि लेकीच्या सोयरिकीची बोलणी थांबली. कोणीतरी त्यांच्या रिपोर्टात ‘हर-२ जीन’ असे वाचले होते. म्हणजे रोग घराण्यातला, आईकडून लेकीला येणारा, असे मुलाकडच्यांनी ठरवून टाकले. ताई कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही पडलो कॉमर्सवाले; पण कागद वाचणे हीच आमची रोजीरोटी. जाणत्यांना विचारून जे कळले ते सांगतो.

शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, जशा कचेरीच्या कपाटात सगळ्या फायली. टेबलावर कोणत्या उघडल्या आहेत यावरून तिथले काम ओळखायचे. गाठीत कोणती जनुके किती जोरात चालू आहेत, हे तसेच पाहतात. तो हिशेब त्या गाठीचा, घराण्याचा नव्हे. आईवडिलांकडून आलेला दोष शोधण्याची तपासणी वेगळी, ती रक्तावर करतात. आणि असा दोष शंभरातल्या पाच-दहा रुग्णांतच सापडतो.

हर-२ जनुकाच्या प्रती गाठीत वाढल्या की रोग लवकर उलटतो, हे १९८७ साली अमेरिकेत डॉ. डेनिस स्लेमन यांनी दाखविले. तेव्हा ती वाईट बातमीच होती. पण १९९८ साली तिथे नेमके त्यावरचे औषध, ट्रास्टुझुमॅब, मंजूर झाले आणि या रुग्णांचे आयुष्य वाढले. ताईंना दर तीन आठवड्यांनी तेच इंजेक्शन मिळते.

आणखी एक. २१ जनुकांची एक तपासणी निघाली आहे. हार्मोनवर वाढणारी, हर-२ नसलेली, काखेत न पसरलेली गाठ असेल, तर केमो टाळता येईल का, हे ती सांगते. दहा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासातून २०१८ साली दिसले, की यांपैकी पुष्कळजणींचे, विशेषतः पन्नाशीपुढच्यांचे, केमोवाचून भागते. उलट्या, केसगळती, बुडालेली मजुरी, सगळेच वाचते. मात्र खर्च लाखांच्या घरात. ताईंच्या मुलाने त्यासाठी रिक्षा विकायला काढली होती! गाठ हर-२ची, तिथे ही तपासणी लागूच नाही. डॉक्टरांना एकदा विचारले असते तर गिऱ्हाईक शोधण्याचा हेलपाटा वाचला असता.

रिक्षा राहिली. सोयरिकीचे अजून अधांतरीच आहे. येत्या रविवारी ताईंची पिशवी घेऊन आम्ही मुलाकडे जाणार आहोत.