इनांडाच्या टेकडीवरील शाळा

शाळा कोणी काढावी, हा प्रश्न परमुलखात स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींस नवा नाही. सरकारने काढली तर ती आपल्या भाषेची असेलच असे नाही. आपण काढावी तर वर्गणी जमवता जमवता चपला झिजतात. म्हणून या खेपेस एका दूरदेशीच्या शाळेची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या उत्तरेस इनांडा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन लांगालिबालेले दुबे यांनी मुलांसाठी ओहलांगे ही निवासी शाळा काढली. आडनावावरून हे कोणी उत्तर हिंदुस्थानी गृहस्थ असावेत असे वाटेल. पण ते होते झुलू, जन्म १८७१ चा. अमेरिकेत शिकत असता त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांची टस्कीगी येथील संस्था पाहिली. पुढे पत्नी नोकुतेला यांच्यासह त्याच देशात फिरून त्यांनी शाळेसाठी देणग्या मिळविल्या.

‘उहलांगा’ या झुलू शब्दाचा अर्थ बोरूसारखे बेट, आणि कुळाचे मूळही. आपल्या ‘वंश’ शब्दातही वेळू व कूळ असे दोन्ही अर्थ नांदतात, हे वाचकांस ठाऊकच आहे.

शाळेत पुस्तकी विषयांच्या जोडीस सुतारकाम, शेती असे उद्योग शिकवीत. काळ्यांनी हातकामापुरतेच शिकावे, असे मानणारे गोरे त्या काळी पुष्कळ होते. दुबे यांचा हेतू निराळा होता. आपल्या समाजास कोणाच्या दारी उभे राहावे लागू नये, यासाठी त्यांना हे कसब हवे होते. १९०३ साली त्यांनी ‘इलांगा’ हे झुलू वृत्तपत्र काढले. १९१२ च्या जानेवारीत स्थापन झालेल्या आफ्रिकी राष्ट्रीय काँग्रेसचे ते पहिले अध्यक्ष झाले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या शाळेत एक मराठी पाहुणा आला. गांधीजींचा फिनिक्स आश्रम जवळच होता. त्यांच्यासमवेत नामदार गोपाळ कृष्ण गोखले ओहलांगेस गेले. मुलांनी त्यांना झुलू गाणी ऐकविली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे शिकविलेल्या गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कलकत्त्यास फेटाळले गेले होते. सरकारने नाकारलेले काम एका समाजाने अंगावर घेतलेले पाहून त्यांस काय वाटले असेल, याची कल्पना आम्ही शिक्षक मंडळी करू शकतो.

पुढचा मार्ग खडतर होता. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुतांश भूमीवर जागा विकत घेण्याचा हक्क काळ्यांस उरला नाही. दुबे दाद मागण्यास १९१४ साली लंडनला गेले व रिकाम्या हातांनी परतले. त्याच साली शाळेत आल्बर्ट लुथुली हा विद्यार्थी शिकत होता. पुढे तो नोबेल शांतता पारितोषिकाचा मानकरी झाला.

दुबे १९४६ साली वारले. २७ एप्रिल १९९४ रोजी आयुष्यातील पहिले मत देण्यासाठी नेल्सन मंडेला यांनी हीच शाळा निवडली, आणि दुबे यांच्या समाधीपाशी उभे राहून देश स्वतंत्र झाल्याचे त्यांस निवेदन केले.

आमच्याही गावोगावच्या शाळा अशाच पै-पैशाने उभ्या राहिल्या. त्यांच्या संस्थापकांस आज कोणते निवेदन करावयाचे? वार्षिक सभेत तसबिरीस हार घालण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने पटावर मुले किती आणि मराठीचा तास घेणारा शिक्षक आहे की नाही, एवढे तरी पाहून यावे, अशी आमची विनंती आहे.